भूक कुठे जाते आणि परत कशी येते



मागच्या नाताळाच्या आधी पुण्याच्या मंडळीतल्या चार-पाच भगिनी आमच्या पाड्यावर आल्या होत्या. बरोबर बिस्किटांचे खोके, स्वेटर आणि लहान मुलांच्या टोप्या होत्या. अंगणवाडीच्या ओट्यावर एक आजी नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. मुलगा चौदा महिन्यांचा, वजन बरोबर ६ किलो. आई पुन्हा दिवसांत होती आणि नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर गेली होती. त्यामुळे अंगावरचे दूध तुटलेले. दंडाला पट्टी लावली तर लाल रंग आला, ११२ मिलिमीटर. एका भगिनीने प्रेमाने बिस्कीट पाण्यात भिजवून त्याच्या ओठाला लावले. त्याने मान वळवली. पुन्हा लावले, पुन्हा वळवली. रडलासुद्धा नाही. आजी म्हणाली, "चार दिस झाले बाय, पोर खातच नाय."

परत जाताना गाडीत बसता बसता त्या भगिनीने मला विचारले, "सिस्टर, एवढा उपाशी मुलगा, मग खात का नाही?"

गाडी निघायची घाई होती म्हणून मी काहीतरी थोडक्यात सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न खरा होता. संपादकांनी या अंकासाठी अभ्यासलेख मागितला तेव्हा ठरवले की याच प्रश्नाचे उत्तर सावकाश लिहावे. मी डॉक्टर नाही, नर्स आहे. पण भूक या विषयावर गेल्या ऐंशी वर्षांत माणसांनी जे शोधले आहे ते पाड्यावर रोज उपयोगी पडते, आणि ते आपल्या शहरातल्या मंडळ्यांनाही लागू आहे असे माझे मत आहे.

सुरुवात एका जुन्या गोष्टीपासून करते, कारण ती मंडळीचीच गोष्ट आहे.

दुसरे महायुद्ध चालू असताना अमेरिकेत काही तरुण असे होते की जे विवेकाला स्मरून शस्त्र हाती घ्यायला तयार नव्हते. त्यांतले पुष्कळसे क्वेकर, मेनोनाइट आणि ब्रदरेन या शांतिवादी पंथांतले होते. सरकारने त्यांना सैन्याऐवजी नागरी सेवेची कामे दिली. १९४४ साली मिनेसोटा विद्यापीठातले शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी या तरुणांना विचारले: युरोपात युद्ध संपल्यावर लाखो उपाशी माणसांना पुन्हा खाते करायचे आहे, ते कसे करावे हे कोणालाच नीट ठाऊक नाही, तर तुम्ही स्वतः उपाशी राहून आम्हाला ते शिकू द्याल का? शेकडोंनी नावे दिली. त्यांतून ३६ जण निवडले गेले.

विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या खोल्यांत हा प्रयोग झाला. पहिले बारा आठवडे सगळ्यांना पोटभर जेवण, दिवसाला सुमारे ३२०० कॅलरी. मग फेब्रुवारी १९४५ पासून चोवीस आठवडे त्याच्या निम्मे. दिवसातून दोन वेळा बटाटे, सलगम, काळा पाव, मॅकरोनी, म्हणजे त्या वेळी युरोपातल्या उपाशी माणसाला जे मिळे तेच. शिवाय आठवड्याला ३५ किलोमीटर चालणे सक्तीचे. सहा महिन्यांत प्रत्येकाचे वजन सरासरी एक चतुर्थांशाने उतरले.

पण मला वजनापेक्षा बाकीच्या नोंदी जास्त महत्त्वाच्या वाटतात. त्यांच्या नाडीचे ठोके मंद झाले. उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजे. पाय सुजले. शरीर स्वस्थ असतानाही जी ऊर्जा जाळत राहते, श्वासासाठी, हृदयासाठी, ऊब राखण्यासाठी, ती जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटली. आपल्याकडे घरात पैसा कमी आला की दिवे कमी लावतात, चहात दूध कमी घालतात, पाहुण्याकडे जाणे टाळतात; शरीर तसेच करते. हसणे, खेळणे, मैत्री, प्रार्थनेला जाणे हे सगळे त्या तरुणांच्या आयुष्यातून हळूहळू गळून पडले. धर्मनिष्ठ, समजूतदार, सेवेसाठी आलेली ही माणसे जेवणाच्या टेबलावर ताटे चाटू लागली, एकमेकांवर खेकसू लागली, पाककृतींची पुस्तके जमवू लागली. अन्नाशिवाय दुसरा विचार डोक्यात येईना. आपण पाड्यावरच्या एखाद्या बाईला "सुस्त" किंवा "चिडखोर" म्हणून मोकळे होतो, तेव्हा मला ती माणसे आठवतात.

त्यानंतर पुन्हा खाऊ घालण्याचा काळ आला. त्यांचे गट पाडून प्रत्येक गटाला वेगवेगळ्या प्रमाणात अन्न दिले. काहींना वर जीवनसत्त्वे, काहींना जादा प्रथिने. असे दिसले की पुरेशा कॅलरी नसतील तर नुसत्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी काही होत नाही. ज्यांना थोडेसेच वाढवून दिले ते आठवडेच्या आठवडे तसेच खंगलेले राहिले. आणि बंधन उठल्यावर ही माणसे इतकी खाऊ लागली की आधीच्या दुप्पट-तिप्पट खाऊनही जेवणावरून उठताना भूक आहेच म्हणत. एकाला तर अति खाण्याने दवाखान्यात न्यावे लागले. चरबी लवकर परत आली, आधीपेक्षा जास्तच आली. स्नायू मात्र मागे राहिले. पुढे १९९० च्या दशकात अब्दुल डुल्लू या संशोधकाने जुने आकडे पुन्हा तपासले, तेव्हा त्यांना आढळले की चरबी भरून आल्यावरही ही जादा भूक चालूच होती, आणि तिचा संबंध न भरलेल्या स्नायूंशी होता.

या प्रयोगातून मदतकार्य करणाऱ्यांसाठी एक छोटी पुस्तिका १९४६ साली निघाली. ती छापली ब्रदरेन पंथाच्या छापखान्याने. याच पंथाचे मिशनरी आपल्या डहाणू भागातही काम करीत असत, हे आपल्या जुन्या वाचकांना आठवत असेल. कीज यांचा मोठा ग्रंथ १९५० साली आला, दोन खंडांचा. आजही उपासमारीवर लिहिणारा कोणीही त्याच्याकडे वळल्याशिवाय राहत नाही.

आता तुम्ही म्हणाल, ती माणसे तर अन्नासाठी वेडी झाली होती; मग आमचा मुलगा तोंड का फिरवतो?

इथे दोन प्रकारची भूक वेगळी ओळखावी लागते. मिनेसोटातले तरुण उपाशी होते, पण आजारी नव्हते. स्वच्छ पाणी, कोरडी खोली, रोज डॉक्टर. अशा माणसाच्या शरीरातले निरोप चोख पोहोचतात. जठर रिकामे झाले की घ्रेलिन नावाचे संप्रेरक मेंदूला सांगते, खा. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ साली शोधले. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे दुसरे संप्रेरक पाठवतात. ते १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडले. चरबी घटली की लेप्टिन घटते, आणि मेंदू समजतो की कोठार रिते होत आहे, भूक वाढवा, खर्च कमी करा. इंग्लंडमध्ये १९९७ साली पाकिस्तानी वंशाची दोन चुलत भावंडे आढळली, ज्यांच्या शरीरात लेप्टिन जन्मापासून तयारच होत नव्हते. अंगावर भरपूर चरबी असूनही मेंदूला ती दिसेना, आणि ती लेकरे कायम भुकेने कासावीस असत. लोक त्यांना हावरट म्हणत असतील. त्यांना लेप्टिनची इंजेक्शने सुरू केली तेव्हा भूक आवरली.

आमच्या मुलाचे तसे नाही. त्याला पावसाळ्यापासून तीनदा जुलाब झाले होते, छातीत कफ होता. जंतुसंसर्ग झाला की शरीरात सुटणारी द्रव्ये भूक मारून टाकतात. आपल्याला ताप आला की वरणभातही नको वाटतो, तसेच. त्यात आतड्याचे अस्तर झिजलेले, पाचकरस कमी झालेले, पोटॅशियम आणि जस्त यांची चणचण. अशा मुलाची भूक ही अंगणवाडीतल्या वजनकाट्याइतकीच महत्त्वाची खूण आहे. म्हणूनच तीव्र कुपोषित मुलाची पहिली परीक्षा असते भुकेची: शांत जागी आईच्या मांडीवर बसवून त्याला ठरलेला आहार द्यायचा, जबरदस्ती करायची नाही, आणि किती खातो ते पाहायचे. नीट खाल्ले आणि दुसरा आजार नसेल, तर गावातच उपचार होऊ शकतो. नाही खाल्ले, तर दवाखाना. भूक नसणे हा पोराचा हट्ट नव्हे आणि आजीचा आळसही नव्हे. आतून काही बिघडल्याचा तो निरोप आहे.

हे मला कळायला फार किंमत मोजावी लागली. ती हकीकत मी आजवर कोणत्याही अंकात लिहिलेली नाही.

१९८८ साली मी नवी नवी नर्स होऊन दवाखान्यात लागले. श्रावणाचे दिवस. एक बाप तीन वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन दोन नद्या ओलांडून आला. पाय सुजलेले, केस तांबूस, अंग गार. डॉक्टर बाहेरगावी होते. मला वाटले, हिला काय झाले आहे हे उघड आहे: हिला अन्न हवे आहे. मी साखर घातलेले दूध दिले, केळे दिले, मग मऊ खिचडी. तिने खाल्ले. मला इतका आनंद झाला की मी प्रभूचे आभार मानले. रात्री जुलाब सुरू झाले, म्हणून मी सलाईन लावले. पहाटेच्या आधी तिला श्वास घेता येईना. उजाडण्यापूर्वी ती गेली. बापाने तिला फडक्यात गुंडाळले आणि मला म्हणाला, "पोट भरून गेली, बाय." तो मला धीर देत होता.

पुढे कित्येक वर्षांनी प्रशिक्षणात मला कळले की काय झाले असावे. उपासमारीत शरीराने सगळा कारभार आखडता घेतलेला असतो. हृदय लहान आणि दुबळे, मूत्रपिंडे मंद. अशात एकदम गोडधोड, पिष्टमय अन्न आत गेले की इन्सुलिन उसळते, आणि रक्तातले फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढले जाते. रक्तात त्यांचा दुष्काळ पडतो. हृदयाला चालायला तेच हवे असते. वर सलाईनचे मीठ-पाणी, जे त्या हृदयाला पेलवत नाही. युद्धानंतर छळछावण्यांतून सुटलेली माणसे सैनिकांनी दिलेले भरपेट जेवण जेवून मेली, हेही तेव्हाच वाचले.

म्हणून आज पद्धत अशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली ती पुस्तकरूपाने दिली. पहिले काही दिवस वजन वाढवायचेच नाही. फक्त जीव सांभाळायचा: ऊब द्यायची, साखर उतरू द्यायची नाही, जंतूंवर औषध द्यायचे, आणि १०० मिलिलिटरला ७५ कॅलरी असलेले हलके दूध दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. सहा किलोच्या मुलाला एका वेळी ६५ मिलिलिटर. चहाचा लहान कपसुद्धा त्याने भरत नाही. बघणाऱ्याला वाटते, एवढ्याशाने काय होणार? रतामाच्या झुडपाखाली मरण मागत निजलेल्या एलीयाला देवदूताने काय दिले ते आठवा. एक भाकर, पाण्याचे भांडे, मग झोप. मग पुन्हा उठवून दुसऱ्यांदा खायला लावले. प्रवासाला तो त्यानंतर निघाला.

मग तीन-चार दिवसांत, कधी आठवड्याने, सूज उतरते आणि एक दिवस मूल वाटी संपल्यावर रडते. आमच्या कामात यासारखा सुंदर आवाज नाही. भूक परत आली. आता मात्र हात आखडता घ्यायचा नाही.

इथे थोडे गणित करू. नवे मांस आणि चरबी मिळून एक ग्रॅम वजन वाढायला सुमारे ५ कॅलरी लागतात. सहा किलोच्या मुलाने दिवसाला ६० ग्रॅम वाढावे असे वाटत असेल, तर ३०० कॅलरी केवळ वाढीसाठी. आणि शरीर रोज चालू ठेवायला साधारण ६०० वेगळ्या. म्हणजे ९००, दर किलोमागे १५०. साठ किलोच्या मोठ्या माणसाला याच हिशेबाने दिवसाला ९००० कॅलरी खाव्या लागतील! आणि ही लेकरे खरोखर इतके खातात. जमैकामध्ये जॉन वॉटरलो यांनी उभारलेल्या संशोधन केंद्रात अ‍ॅन अ‍ॅशवर्थ यांनी सावरणाऱ्या मुलांचे खाणे रोज मोजून पाहिले. १९६९ साली त्यांनी लिहिले की मुले भरमसाट खात वाढत जातात, आणि ज्या दिवसांत वजन उंचीला शोभेसे होते त्याच सुमारास त्यांचे खाणे आपोआप एकदम कमी होते. त्यांना कोणी "आता पुरे" सांगत नाही. ताटात तेवढेच असते, मूल उरवू लागते. निर्माणकर्त्याने दीड वर्षाच्या जिवात ठेवलेला हा काटा पाहून मी थक्क होते. आजारपणात, उपासमारीत तो अडकतो. नीट केला की पुन्हा चालतो.

मग पाड्यावर घरी चुकते कुठे? पोटाच्या मापात. लहान मुलाच्या जठरात किलोमागे सुमारे ३० ग्रॅम अन्न मावते. आठ किलोच्या मुलाच्या पोटात एका वेळी एक वाटी, फार तर सव्वा वाटी. घरात होते पेज, तांदळाची किंवा नागलीची, पातळ. तिच्यात बहुतेक पाणीच. अशा पेजेच्या २४० मिलिलिटरमध्ये १०० कॅलरीही भरत नाहीत. तीन वेळा दिली तरी ३०० च्या आत. अंगावर पिणाऱ्या एक-दोन वर्षांच्या मुलाला वरच्या अन्नातून सुमारे ५५० हव्यात, आणि दूध तुटलेले असेल तर त्याहून कितीतरी जास्त. आई सांगते, तीनदा पोटभर दिली. खरेच सांगते. पोट भरले, मूल नाही भरले.

उपाय घरातच आहे: पेज उलथण्यावरून लगेच न गळणारी, दाट करायची. वर एक चमचा तेल, ४५ कॅलरी. मूठभर शेंगदाण्याचे कूट, उडदाचे किंवा मुगाचे वरण, जमेल तेव्हा अंडे. तीनऐवजी चार-पाच वेळा. आणि भरवताना घाई नाही. मूल थांबले की आपण थांबायचे, बोलायचे, हसायचे, पुन्हा घास पुढे करायचा. नाक दाबून भरवलेले मूल पुढच्या वेळी वाटी पाहूनच रडते.

बिस्किटांविषयी मला स्पष्ट लिहायचे आहे; ज्या भगिनींनी ती आणली त्यांनी राग मानू नये. बिस्किटात कॅलरी कमी नाहीत. पण मैदा आणि साखर यांच्यात स्नायू बांधायला लागणारे प्रथिन आणि जस्त फारसे नसते, आणि दोन बिस्किटे चहात बुडवून खाल्लेले मूल जेवणाच्या वेळी वाटीकडे पाहत नाही. मिनेसोटाच्या तरुणांप्रमाणे चरबी आधी परत येते, स्नायू मागे राहतात. आपल्या महाराष्ट्रात तर याची काळजी जास्तच करायला हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मणारी बाळे मोजली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. आपले बाळ सगळ्या मापांत लहान, पण त्वचेखालच्या चरबीत मात्र फारसे मागे नाही. दिसायला काटकुळे, आतून चरबीदार, आणि पुढे मधुमेहाकडे झुकणारे. आज जे मूल आपण वाचवतो ते चाळिशीत साखरेच्या गोळ्या घेत असावे, अशी आपली इच्छा नाही.

शहरातल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट, कारण दर वर्षी उपवासकाळानंतर मला कोणी ना कोणी विचारतेच: "सिस्टर, लेंटमध्ये सहा किलो उतरले, ईस्टर झाल्यावर सगळे परत आले. माझ्यातच निग्रह कमी का?" मेलबर्नमध्ये ५० स्थूल माणसांनी दहा आठवडे अगदी कमी खाऊन वजन उतरवले. वर्षभराने त्यांचे रक्त तपासले तर लेप्टिन अजून खाली, घ्रेलिन अजून वर, आणि भूक आधीपेक्षा जास्त. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. आपले शरीर दुष्काळाला भिऊन असते. ते उपवास आणि उपासमार यांत फरक करीत नाही. घाईने वजन उतरवले की ते परत मागते. हळू उतरवा, डाळ-अंडी-मासे सोडू नका, चालत राहा म्हणजे स्नायू टिकतील, आणि परत आलेल्या दोन किलोंसाठी स्वतःला पापी ठरवू नका. उपवास करावा तो प्रार्थनेसाठी. वजनकाट्यासाठी लेंट नाही, असे माझे जुने मत आहे. पाळकसाहेबांचे वेगळे असू शकेल.

त्या मुलाचे काय झाले ते सांगायचे राहिले. आजी तालुक्याच्या पोषण पुनर्वसन केंद्रात यायला तयार नव्हती. घरी दोन शेळ्या आणि सात कोंबड्या, त्यांना कोण बघणार? शेवटी शेजारच्या सुनेने शेळ्या घेतल्या आणि कोंबड्या आमच्या स्वयंपाकघरामागे आल्या. पहिले पाच दिवस मुलगा चमच्याने ६५ मिलिलिटर घेई, तेही कष्टाने. आजी रोज विचारी, "एवढंच?" सहाव्या दिवशी सकाळी वाटी संपली आणि त्याने आजीच्या हातातला चमचा धरून ठेवला. सोडेचना. अठरा दिवसांनी तो ७ किलो २०० ग्रॅम होऊन परत आला.

आता दर गुरुवारी तो वजनाला येतो. मार्चमध्ये आई भट्टीवरून परत आली, तिला आजी दाट पेज कशी करायची ते माझ्यापेक्षा चांगले शिकवते. मागच्या गुरुवारी काटा ८ किलो ४५० ग्रॅमवर थांबला. आमच्या कपाटात शेंगदाण्याचे कूट दोन आठवडे पुरेल इतके आहे, तेलाचे दोन डबे आहेत, आणि पावसाळा सुरू व्हायला सहा आठवडे उरले आहेत.